फेलोशिपच्या अर्जातला ‘मी’

चार इंजिनिअर चहाला बसले की सिमेंटचं कमी आणि एकमेकांच्या फजितीचं जास्त बोलतात. लातूरच्या आमच्या टेबलावर असे किस्से वर्षानुवर्षं साचलेत. पण नांदेडचा कांबळे आणि मी, दोघांनी इंजिनिअरांच्या संस्थेत सीनियर फेलोशिपचा, म्हणजे मानाच्या सभासदत्वाचा अर्ज केला, त्या एका वर्षानं सगळ्यांवर मात केली! आता हसतो. तेव्हा हसू येत नव्हतं. रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती. खुर्ची गेल्यावर आपण इंजिनिअर म्हणून उरतो का, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

*

अर्जात ‘तुम्ही स्वतः काय केलंत’ असा रकाना होता. मी आधी मराठीत कच्चं लिहून काढलं, ‘टाकीचे संकल्पन करण्यात आले. खोदकाम तपासण्यात आले.’

आमचे ड्राफ्ट्समन रफिकभाई वाचायला बसले. दोन पानं झाली आणि चष्मा कपाळावर गेला.

“साहेब, हे सगळं कुणी केलं?”

“मीच की!”

“मग ह्यात तुम्ही हाव कुठं? तीस वर्षं सगळं आपोआपच झालंय!”

कागद फाडला. नव्या कागदावर ‘मी’ लिहिलं आणि हात थांबला. कुणी विचारलं, खरंच तूच का, तर? त्या एका अक्षरापुढं सरकायला मला आठवडा लागला.

*

जुन्या कामाचा दाखला हवा होता. नांदेडच्या एका ऑफिसात तीन चकरा झाल्या. दर वेळी क्लार्कचं एकच उत्तर, “फाईल हाय साहेब. फक्त सापडत न्हाई.”

अर्जाची मुदत चार दिवसांवर आली. चौथ्या चकरेला तो पाणी प्यायला उठला आणि मला त्याची खुर्ची दिसली. गादीखाली जाड फाईल. वर माझंच अक्षर!

“अरे, ही काय!”

तो शांतपणे म्हणाला, “हीच का? टेबल लई उंच हाय हो. हिच्यावर बरं बसता येतं.”

*

फेलो असलेल्या माणसाची शिफारस लागते. उदगीरचे स्वामी सर माझे पहिले साहेब, वय चौऱ्याहत्तर. म्हणाले, “सही करतो. पण आधी काम दाखव.”

लोह्याजवळच्या माझ्या पाण्याच्या टाकीपाशी गाडी थांबली आणि सर थेट शिडी चढायला लागले! मी खाली दोन्ही हात पसरून उभा. सरांचं काही बरंवाईट झालं तर कसली फेलोशिप!

“सर, उतरा हो! पाया पडतो!”

वरून आवाज आला, “पाया पडू नको! पाया कसा घातलास ते सांग!”

मान वर करून मी माती, खोली, गज, सगळं ओरडून सांगितलं. सर उतरले, घाम पुसला आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

“टाकी मस्त हाय. शिडी बदल.”

*

मुलाखतीची तयारी घरी बायकोनं घेतली. सुनीता शाळेत शिक्षिका, त्यामुळं लाड नाहीत. मी टाय लावून समोर बसलो.

“तुमच्यातला एखादा दोष सांगा.”

मी विचार करायला लागलो. पंख्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. कपाळावर खरोखरचा घाम.

तिनं कागद खाली ठेवला. “सुचत नसेल तर मी यादी देऊ?”

*

कांबळेची भीती वेगळी. गेल्या काही वर्षांत त्यानं नुसते रस्ते केले होते, लोखंडाची आकडेमोड पार विसरला होता. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तो माहूर गडावर जाऊन आला.

“फेलोशिप मागितली का?” मी विचारलं.

“न्हाई रे, तेवढी हाव बरी न्हाई. म्हणलं, आई, स्टीलचं काही विचारू देऊ नको.”

मुलाखत देऊन पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आला. पहिलाच प्रश्न स्टीलचा!

“असं कसं झालं रे?” मी म्हणालो.

“गर्दी लई होती. आईला ‘स्टील’ एवढंच ऐकू गेलं असणार.”

*

पुढं पत्र आलं. दोघंही फेलो झालो. पण मुलाखतीच्या दिवशी, कांबळेनंतर मी आत गेलो, तेव्हा हे माहीत नव्हतं.

समोर तिघं. दोघांनी काय काय विचारलं, मी काय काय बोललो, आठवत नाही. मधले अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, एवढा वेळ माझी फाईल चाळत होते. शेवटी म्हणाले, “कोणत्या कामाची सगळ्यांत जास्त काळजी वाटते?”

पाठ केलेलं सगळं उडालं.

“रेणापूरजवळ एका वाडीत शाळेच्या दोन खोल्या आहेत, सर. नोकरीतला माझा पहिला स्लॅब. त्या बाजूला गेलो की गाडी वळवतो. आत जाऊन छत बघतो. मास्तरांना वाटतं, तपासणीला आलो. ते हजेरीपट काढून ठेवतात.”

“तडा आहे?”

“एकबी न्हाई, सर.”

“गळतो?”

“न्हाई.”

“किती वर्षं झाली?”

“अठ्ठावीस.”

बाकीचे दोघं एकमेकांकडं बघायला लागले. संपलं, असं मला वाटलं. अध्यक्षांनी माझी फाईल मिटली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला.

“माझा एक पूल आहे,” ते म्हणाले. “दर वेळी गाडी थांबवून खाली उतरतो. आमची ही म्हणते, दुसऱ्या रस्त्यानं जात जाऊ.”