आईच्या पायाची जखम

नर्सने आईच्या पायाची पट्टी सोडली. मधुमेहामुळे दीड वर्ष न भरलेल्या जखमेवर पातळ, गुलाबी कातडी धरली होती. आईच्याच पोटावरच्या चरबीतून काढलेल्या मूळपेशी डॉक्टरांनी तिथे सोडल्या होत्या.

"माझंच माझ्या कामी आलं गं," आई कौतुकाने नर्सला म्हणाली.

मला मान वर करवेना. दीड वर्ष तिचं ड्रेसिंग शेजारच्या काकू करत होत्या. मला तो वास सोसत नाही, असं मी सांगून टाकलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी जखमेपाशी राहिल्या आणि मी, तिच्या पोटची मुलगी, दारातूनच चौकशी करत राहिले.

"ये की जवळ," आई मला म्हणाली, "आता वास नाही येत."

मी तिचा पाय हातात घेतला, पण तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.