ठेक्याआधीचं हं

मेलेल्या माणसाला कामाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. नागपूरहून मला सिंगापूरला काकांचा फोन आला तेव्हा मी ते तसंच ऐकवलं. काका आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे गायक. बाबा त्याच पार्टीत जन्मभर ढोलकी वाजवायचे. बाबा गेल्यावर काकांना मनासारखा हात मिळाला नव्हता. म्हणून यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबांचंच जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायचं आणि त्यावर गायचं, असा त्यांचा बेत होता.

"तुझी आई म्हणते, पोराला विचारा. हो म्हण."

"जिवंत होते तेव्हा कॅसेटवर त्यांचं नाव छापलं नाही कोणी. आता मेल्यावरही राबवणार?"

"तुझ्या चळवळीच्या पत्रकातली भाषा माझ्याशी नको बोलू," काका म्हणाले. "रविवारी सांग."

शुक्रवारी मला रूममेटनं एका अमेरिकन बँडच्या कार्यक्रमाला ओढून नेलं. तो पुण्याचा, रॅफल्स प्लेसला बँकेत कामाला. क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्यामुळेच हे संगीत शिरलं होतं. मोठ्या कंपनीला विकली न गेलेली, स्वतःच रेकॉर्ड काढून व्हॅनमधून गावोगाव फिरणारी माणसं. म्हणून मला आवडायची. त्यांची गाणी लांबलचक, ताल सात मात्रांचे नाहीतर अकराचे. मी ढोलकीवाल्याचा मुलगा, गुडघ्यावर मात्रा मोजत बसायचो. त्यांचा कीबोर्डवाला आदल्या वर्षी वारला होता.

छोटासा हॉल. स्टेजवर चौघं, आणि डाव्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी. ड्रमरनं कानाला हेडफोन लावले. स्पीकरमधून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. कोणीतरी श्वास घेतला. मग कीबोर्ड वाजू लागला.

"कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"तोच."

"तो मेलाय."

"म्हणूनच रेकॉर्डिंग आहे, कॉम्रेड."

"हे शोषण आहे. याच्यावर पत्रक काढलं पाहिजे."

"काढ ना, आणि दारात उभा राहून वाट. उद्या वर्क पास रद्द, परवा नागपूर. आता गप ऐक."

मी ऐकलं. गाण्याच्या मध्यावर त्या मेलेल्या माणसानं लय वाढवली. कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, त्याला घाई झाली होती. चौघंही त्याच्या मागे पळाले. ड्रमर घामानं निथळत होता. गिटारवाला सारखा त्या रिकाम्या जागेकडे बघायचा, तिकडून खूण येणार असल्यासारखा. कोण कोणाला राबवत होतं, मला सांगता येईना. मी मात्रा मोजायचं विसरलो होतो.

बाबा ठेका धरण्याआधी नाकातून "हं" करायचे. सगळी पार्टी त्या "हं"वर उठायची. कॅसेटमध्येही ते आहे. बाबा गेल्यानंतर घरात ती लागली की आई गॅस बंद करून बाहेर यायची आणि दाराकडे बघायची.

रविवारी खाऊच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये, समोर कॉफी गार होत असताना, मी काकांना फोन लावला.

"लावा रेकॉर्डिंग. पण बाबांच्या जागेवर कोणी बसायचं नाही. आणि त्यांचं 'हं' झाल्याशिवाय गायचं नाही."

"ते 'हं' नाही ना आता. साउंडवाल्याकडून साफ करून घेतलं. खोकल्यासारखं येऊन रायलं होतं."

"काढून टाकलंत?"

"अरे, ठेका तर पूर्ण आहे!"

"मग नाही."

"काहून?"

"तुम्हाला त्यांचे फक्त हात पाहिजेत, काका. माणूस नको. त्यांना बोलवायचं तर सगळ्यांना घाबरवत येऊ द्या, नाहीतर बोलवू नका."

काकांनी फोन ठेवला. नंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ढोलकीशिवायच गायले, टाळ्यांवर. चांगलं झालं म्हणाली.

"पहिल्या गाण्याआधी तुझ्या काकानं 'हं' केलं. अगदी तसंच."

"मुद्दाम?"

"तो म्हणतो, मी केलंच नाही."

"मग?"

"मग सगळे थांबले ना. ढोलकीची वाट बघत."

मी फोन कानाला लावून उभा होतो. आईनंही तिकडे फोन ठेवला नव्हता. आम्ही दोघंही थांबलो होतो.