कुणीच न काढलेल्या फोटोची मेल

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये कुणी ‘तुम्ही मुळातच घाबरट असाल’ असं लिहायला नको. मी घाबरट नाही. जव्हारला अब्बांचं शिवणकामाचं दुकान, माझं लहानपण त्या दुकानातल्या बाकड्यावर गेलं. कपडा तयार होईपर्यंत गिऱ्हाईकं तिथेच बसून भुतांच्या गोष्टी सांगायची... त्यातली अर्धी भुतं ताडी प्यायल्यावर दिसलेली आणि उरलेली घरी उशिरा पोचल्याचं कारण म्हणून बायकोला सांगितलेली. मी खो खो हसायचो. पुढे नाशिकला कॉम्प्युटर शिकलो, ठाण्यात नोकरी केली आणि प्रोग्रॅमर लोकांना असतो तो ताठा मलाही आला — जे घडतं त्याला कारण असतंच, सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नाही.

हा ताठा २००८ च्या दिवाळीनंतर उतरला.

ठाण्याची नोकरी सुटून मी घरी आलो होतो. कुपोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला (नाव देत नाही, आता ती इथे नाहीही) मोबाईलवर चालणारा एक प्रोग्रॅम हवा होता. ऐकायला सोपं काम. पाड्यातली सेविका मुलाचं वजन करणार, मोबाईलने त्याचा फोटो काढणार, वजन टाकून बटण दाबणार — की फोटो जोडलेली ई-मेल जव्हारच्या ऑफिसात हजर. डॉक्टर मॅडम तो बघून ठरवणार, कुणासाठी ताबडतोब गाडी पाठवायची. आज हे कुणीही करतं हो, पण तेव्हाचे फोन बटणांचे. फाईल जोडून मेल पाठवणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सर्व्हरशी कसं बोलायचं, फोटोचं अक्षरांत रूपांतर कसं करायचं, सगळं मी स्वतः लिहिलं. फोनची मेमरी एवढीशी की फोटो तुकड्यातुकड्याने पाठवावा लागे. सुरुवातीला ती मध्येच संपायची आणि फोटो अर्धाच पोचायचा. वरचा भाग दिसायचा, खाली नुसता राखाडी रंग. मुलाचे डोळे यायचे, हातपाय यायचे नाहीत. ही चूक मी शोधून दुरुस्त केली होती, आणि नंतर पुन्हा तसं झालं नव्हतं.

चाचणीसाठी फोन एकच होता आणि तो कुसुमताईकडे असायचा. कुसुमताई दाभोशाच्या पुढच्या एका पाड्यातली, दहावी झालेली, माझ्याहून थोडी मोठी आणि मला उठताबसता चिडवणारी. तिच्या पाड्यात रेंज नव्हती. दिवसभर ती फोटो काढायची आणि घरी जाताना वरच्या खिंडीत उभी राहून फोन डोक्याच्या वर धरायची, की साठलेल्या सगळ्या मेल एकेक करून निघायच्या.

“भाऊ, तुमच्या या मशीनला रोज हात वर करून नवस बोलाय लागतं,” ती म्हणायची. “देव हाय का फोन हाय?”

तर भात झोडून झालं त्या सुमाराची गोष्ट. सकाळी ऑफिसात मेल उघडली तर कुसुमताईच्या फोनवरून एक मेल आलेली. मुलाचं नाव नाही, वजनाच्या जागी शून्य. जोडलेला फोटो अर्धाही नव्हता, वरची एक पट्टीच. थोडंसं आभाळ, कौलं, कौलांवर दाबून ठेवलेला सायकलचा टायर. खाली राखाडी. माझं डोकं सटकलं... म्हणजे ती मेमरीची चूक पुन्हा उपटली! फाईलचं नाव बघितलं. माझा प्रोग्रॅम प्रत्येक फोटोला तो काढल्याच्या तारखेचं नाव द्यायचा. या फोटोची तारीख पुढच्या आठवड्यातली होती.

आता हे फोन बॅटरी काढली की तारीख विसरतात, पण तेव्हा ते मागच्या कुठल्यातरी सालात जातात. पुढे कधी जात नाहीत. तरी मी म्हटलं, कुसुमताईने बटणं दाबली असतील.

ती आली तेव्हा मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तिने स्क्रीनकडे बघितलं.

“हां, हे जानूचं घर. टायर त्याच्याच घरावर हाय. पर भाऊ, मी नाय काढला. आपल्याला पोरांचा फोटो पायजेल ना? कौलांचा काढून मी काय करू?”

फोन तपासला. तो फोटो फोनमध्ये नव्हता. पाठवलेल्या मेलची नोंद प्रोग्रॅम ठेवतो, तिथेही काही नाही. तारीखही बरोबर. मी सगळा कोड पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला आणि मला एकही चूक सापडली नाही.

मध्ये काही दिवस गेले आणि दुसरी मेल आली. तीच तारीख, तोच फोटो, पण आता पट्टी मोठी होती. कौलांखाली कुडाची भिंत आली होती — आमच्याकडे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेण-माती लिंपतात, ती. दाराचा वरचा भाग आला होता. दाराला कडी आणि कडीला नवंकोरं कुलूप.

कुसुमताई हसायलाच लागली. “जानूकडं कुलूप कुठलं? दार लोटून घ्यायचं, झालं. मी कालच गेली होती. त्याची बायको भात सडत होती, मंगी तिच्या पाठीवर लोंबत होती.”

मंगी म्हणजे जानूची मुलगी, तीनेक वर्षांची. वजन कमी असलेल्या मुलांत ती होतीच, म्हणून तिचा चेहरा मलाही ओळखीचा. कपाळावर केस, मोठे डोळे, फोटो काढताना कधीही न हसणारी. कुसुमताई बोलता बोलता थांबली.

“कुलूप आमच्यात कधी घेत्यात सांगू का? जगायला जायचं असलं की.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाताचं काम संपलं की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. मुकादमाचे टेम्पो येतात आणि माणसं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परत येतात. याला इथे ‘जगायला जाणं’ असंच म्हणतात. मी लहानपणापासून हा शब्द ऐकत आलोय, पण त्या दिवशी कुसुमताईच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. का ते तेव्हा कळलं नाही.

मी फोन तिच्याकडून काढून घेतला. सिमकार्ड काढलं, बॅटरी काढली आणि तिन्ही गोष्टी माझ्या टेबलावर वेगवेगळ्या मांडून ठेवल्या. म्हटलं, आता बघू कोण पाठवतं.

त्यानंतर तीन दिवसांनीची सकाळ. ऑफिसात सेविकांची मीटिंग होती, कुसुमताई दोन दिवस आधीपासूनच जव्हारला बहिणीकडे मुक्कामाला आली होती. फोन, सिम, बॅटरी माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर. आणि मेल आली.

तीच. फाईलच्या नावातली तारीख म्हणजे तोच दिवस. फोटो आता जवळजवळ पुरा होता, खाली बोटभर राखाडी उरलेलं. कुलूप लावलेलं दार. दाराशेजारची कुडाची भिंत, तिचं लिंपण खालच्या बाजूला गळून पडलेलं. आणि तिथल्या काठ्यांच्या फटीतून बाहेर आलेली चार लहान बोटं.

मी कुसुमताईला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मीटिंगमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

“जानूच्या पाड्यातली माणसं काल पहाटेच निघायची होती,” ती म्हणाली. “टेम्पो यायचे होते.” आणि ती चपला न घालताच बाहेर पळाली.

जीप स्टँडवर जीप भरल्याशिवाय सुटत नाही हे सगळ्यांना माहीत. त्या दिवशी कुसुमताई ड्रायव्हरवर अशी ओरडली की तो आम्हा दोघांना घेऊन निघाला. रस्ता संपल्यावर उतरून आम्ही उताराने अक्षरशः धावत गेलो. टळटळीत दुपार होती. पाडा मी आधी पाहिलेला, पण गजबजलेला. आता एका चुलीचा धूर नव्हता, कोंबडी नव्हती. दाराला दार कुलूपबंद. एक कुत्रं जानूच्या अंगणाच्या कडेला उभं होतं. ते घराकडे बघत होतं आणि पुढे जात नव्हतं.

कौलांवर टायर होता. दाराला नवं कुलूप होतं. फटीत बोटं होती.

“मंगे!” कुसुमताई किंचाळली. बोटं हलली.

दगडाने कुलूप तोडलं. मंगी भिंतीला चिकटून बसली होती, ओठ सुकलेले, अंग तापलेलं, पण शुद्धीत. आणि रडत नव्हती. एवढंसं पोर बंद घरात अख्खा दिवस, अख्खी रात्र काढतं आणि रडत नाही?

कुसुमताईने तिला माझ्या बाटलीतलं पाणी झाकणाने थोडं थोडं पाजलं, मांडीवर घेतलं. “एकटीच होती गं माझी बाय?”

मंगीने मान हलवली. नाही.

“कोण होतं?”

“बाय होती. भायेर.” तिने फटीकडे बोट केलं. “माझी बोटां धरून बसली होती. फोटो काढीत होती.”

कुसुमताईने माझ्याकडे बघितलं. फोटो काढणारी बाई त्या पाड्यात एकच, ती स्वतः. तिने मंगीचा चेहरा आपल्याकडे वळवून हळूच विचारलं, “मी होती ना?”

मंगीने तिची बोटं चाचपून बघितली. मग म्हणाली, “तू नाय.”

त्यानंतर मी बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. बरोबर त्या जागी, जिथून तो फोटो निघाला असेल. खरं सांगतो, आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही.

मॅडमनी मंगीला दवाखान्यात ठेवून घेतलं. मुकादमाला निरोप गेला आणि जानू पळत आला. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. दोन टेम्पो होते. बायको एकात, तो आणि त्याचा भाऊ दुसऱ्यात. अंधारात सामान चढवण्याची घाई, मुकादम शिव्या देतोय. पोर कोपऱ्यात गोधडीखाली झोपलेलं. भावाने घर रिकामं समजून कुलूप घातलं. “माना वाटला ती आयशीजवळ हाय,” जानू म्हणत होता. “आयशीला वाटला माझ्याजवळ हाय.” भट्टीवर उतरल्यावर कळलं, तर मुकादम सोडेना.

“पोर माझ्याकडं ठेव, पावसाला परत येशील तवा ने,” कुसुमताई म्हणाली. मीही म्हटलं. जानूने ऐकलं नाही. तिकडे तिची आई जेवत नाही, म्हणाला. त्याला दोष कसा देणार? मंगी जरा उभी राहिल्यावर तो तिला खांद्यावर घेऊन गेला. जाताना तिने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. ती रस्त्याच्या कडेला, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघत होती.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती दोस्तांना रंगवून सांगितली असती. पोर वाचलं, कुणाचा तरी चांगला आत्मा वगैरे... पण तसं नाही.

संस्थेचं काम वर्षाअखेरीला गुंडाळायचं ठरलं. ऑफिस रिकामं करायच्या दिवशी मी शेवटची मेल बघितली. फोन तेव्हा खोक्यात, सिम कधीच बंद केलेलं. मुलाचं नाव नाही. वजन शून्य. फोटोची वरची एक पट्टी. धुरकट आभाळ आणि कच्च्या विटांच्या भिंतीवर टाकलेला निळा प्लास्टिकचा कागद, एका बाजूला फाटलेला. वीटभट्टीवरची खोपटी तशीच असतात. खाली राखाडी. फाईलच्या नावात तारीख होती, पुढच्या महिन्यातली.

मी पुण्याच्या मुख्य ऑफिसला फोन केला. हे मेलचं खातं महिनाभर तरी चालू ठेवा म्हणून गयावया केली. तिकडचे साहेब म्हणाले, “अर्धे फोटो येतात म्हणजे तुमचा प्रोग्रॅमच नीट नाही.” दुसऱ्या दिवशी खातं बंद झालं. उरलेल्या पट्ट्या यायच्या असतील तर आता कुठे येणार?

मी आणि कुसुमताई जानूच्या भट्टीवर गेलो. मुकादम म्हणाला, तो भांडून दुसऱ्या भट्टीवर गेला, कुठल्या ते माहीत नाही. त्या भागात भट्ट्याच भट्ट्या, आणि प्रत्येक खोपटावर निळा कागद, प्रत्येक कागद कुठेतरी फाटलेला. फाईलवरची ती तारीख उजाडली तेव्हाही आम्ही तिथेच हिंडत होतो. “जानू जव्हारवाला? बारकी पोर हाय, मंगी नावाची?” असं विचारत. दिवस मावळला. कुसुमताई रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडलो.

पावसाच्या तोंडाला टेम्पो परत आले. जानूचं कुटुंब आलं नाही. कुणी म्हणतं गुजरातेत गेले, तिकडेच राहिले. असेल. बरीच माणसं राहतात. मंगी तिकडे कुठल्या शाळेत जात असेल, असं मी स्वतःला सांगत असतो.

ज्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं त्यांनी सुचवलेलं सगळं मी तपासून पाहिलंय — कुणी खातं हॅक केलं का, सर्व्हरवर जुन्या मेल अडकल्या होत्या का, कुणी मस्करी केली का. यातल्या कशानेही बंद फोनवरून उद्याचा फोटो येत नाही.

अजूनही अधूनमधून मी त्या जुन्या पत्त्यावर एक मेल पाठवून बघतो. ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ म्हणून ती लगेच परत येते. मंगीचा उरलेला फोटो जो कोणी पाठवत होता, त्यालाही हेच उत्तर गेलं असणार.