झाकण उघडणारे मेंढेभाऊ

हिरालाल मेंढे यांच्या घरी जेवायला जायचं म्हणजे आपली जीभ घरी ठेवून जायचं. कोणत्या रश्श्यावर काय प्यायचं हे ते ठरवत आणि ते ठरवेपर्यंत कुणाच्या पेल्यात थेंब पडत नसे. काळ्या मसाल्याच्या मटणावर मठ्ठा, तोही बिनसाखरेचा आणि फ्रिज न पाहिलेला. पाटवडीच्या रश्श्यावर पन्हं. भरल्या वांग्यावर पातळ ताक. झिंग्यांवर लिंबूपाणीच. एकदा आमच्या यांनी झिंग्यांवर ताक मागितलं, तर मेंढेभाऊंनी हातातला पेला काढून घेतला. म्हणाले, "भाऊ, ढोर बी पाहून पेते." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, करतात काय!

माणूस भंडाऱ्यातल्या लाखांदूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर लागला, सेक्टर दहात क्वार्टर मिळालं आणि आम्ही त्याच्या शेजारी. रिटायर झाल्यावर त्यांनी वैशाली नगरात घर बांधलं, तर आम्हीही त्याच गल्लीत. माझ्या नशिबातून हे घर काही सुटलं नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पाडवा, हा त्यांचा खरा सण. भिलाईत बैल कुठले, पण पाडव्याचं मटण मात्र गावाहून सोबत आलं होतं. त्या दिवशी प्लांटमधले जुने सोबती जमत. पंगत बसली की रश्श्याचा झाकलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, मेंढेभाऊंच्या पुढ्यात यायचा. ते डोळे मिटायचे, झाकण बाजूला सारायचे, वाफ छातीभर ओढून घ्यायचे आणि डोळे न उघडताच निकाल द्यायचे. "लवंग जास्त झाली. मठ्ठ्यात जिरं कमी टाका आज." मग टाळ्या. इतकी वर्षं मी ते पाहिलं. नाक होतं माणसाला, नाही म्हणणार नाही. प्लांटमध्ये त्यांना कुणी फोरमन केलं नाही, गावात भावांनी विचारलं नाही. मान मिळायचा तो या झाकणापाशी, आणि तो त्यांना जिवापेक्षा प्यारा होता.

तो रस्सा शिजवायची त्यांची बायको, सिंधुताई. मठ्ठा घुसळायचीही तीच. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला तिने सगळ्यांचं झाल्यावर स्वतःसाठी पेलाभर मठ्ठा घेतला. मी तिच्या बाजूलाच बसले होते. मेंढेभाऊ हात धुवून परतले, त्यांनी तो पेला उचलला आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला. "बाईले पाणी पुरते," एवढंच म्हणाले. पाहुण्यांसमोर. सिंधुताईने पाणी घेतलं आणि तिखटाने डोळ्यांत आलेलं पदराला पुसलं. तिखटानेच आलं असं आम्ही दोघी धरून चाललो. त्यानंतर त्या घरात बाईच्या पेल्यात पाण्याशिवाय काही पडलं नाही.

मुलगा प्रवीण. त्याची बायको यामिनी रायपूरची, हसरी पोर. पहिल्या पाडव्याला तिने मटणासोबत कोला ओतून घेतला. मेंढेभाऊंनी तिला भरल्या पंगतीत उभं केलं आणि मोरीत पेला रिकामा करायला लावला. प्रवीण ताटातलं हाडूक चोखत राहिला. मला त्या दिवशी त्या माणसाचा इतका राग आला की घरी येऊन मी आमच्या यांच्यावर काढला.

गेल्याच्या मागल्या हिवाळ्यात मेंढेभाऊंना ताप आला, खाटेवर पडले, उठले. उठल्यापासून रोज जेवणाला नावं ठेवू लागले. मीठ नाही, मसाला शिळा आहे, जिऱ्यात जीव नाही. सिंधुताईने मसाला बदलला, दुकान बदललं. मग एका सकाळी ती दूध गॅसवर ठेवून देवपूजेला गेली. मेंढेभाऊ तिथेच खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. दूध आटून करपलं, पातेलं काळं पडलं, आमच्या घरापर्यंत वास आला. ते पान उलटत होते.

"वासच नाही येत वो त्याले," तिने मला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती.

मेंढेभाऊंनी कुणाला कळू दिलं नाही. उलट चोरासारखे स्वयंपाकघरात घुटमळायचे. "मसाला कोणता टाकला? लवंग किती?" असं सहज विचारल्यासारखं विचारून ठेवायचे आणि जेवताना तेच ऐकवायचे. त्या वर्षीच्या पाडव्याच्या सकाळी मी तिथे कांदे चिरत होते, तेव्हा ते दारात आले.

"अवो, आज झाकण नाही उघडलं तं चालते का?"

"कावून?" सिंधुताईने मागे वळूनही पाहिलं नाही. "लोक काय म्हणतीन?"

ते जरा वेळ उभे राहिले. सांगायचं होतं त्यांना, ओठ हललेसुद्धा. मग तिची पाठ पाहून गेले. त्या क्षणी ती वळली असती, तर पुढचं काही झालं नसतं. ती कांदा परतत राहिली.

पंगत बसली. घरभर मटणाचा घमघमाट. सिंधुताईने झाकलेला गंज स्वतः आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मेंढेभाऊंनी डोळे मिटले, झाकण सारलं, वाफ ओढली.

"वा! काळा मसाला असा पाहिजे. लवंग बरोबर. खसखस जरा कमी. मठ्ठा द्या, जिरं भाजून."

टाळी वाजली नाही. जवळ बसलेल्या, प्लांटमधल्या धम्मपालभाऊंनी गंजात डोकावलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मेंढेभाऊंनी डोळे उघडले. गंजात पाणी होतं. नुसतं उकळलेलं, स्वच्छ पाणी, तळ दिसत होता.

"सर्दी झाली मले," ते म्हणाले.

"हिवाळ्यापासून?" सिंधुताई म्हणाली. "खसखस कमी आहे म्हणता तं टाकतो ना जी. पाण्यात टाकू?"

आधी प्रवीण हसला. बापाला हसायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, त्याने ती सोडली नाही. मग सगळी पंगत हसली, जुने सोबतीसुद्धा. ज्यांच्या ज्यांच्या हातातून कधी पेला काढून घेतला होता, ते जास्त हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले आणि मला बरं वाटलं.

मग खरा रस्सा आला. मेंढेभाऊंच्या ताटात पडला, पण त्यांचा हात उठेना. मठ्ठ्याची बादली त्यांच्यापाशी आली, तशी सिंधुताईने ती पुढे सरकवली. "याइले नोको. काही समजत नाही याइले, वाया जाते. याइले पाणी पुरते." यामिनीला तिने कोला ओतून दिला. मग ती पुरुषांच्या पंगतीत, त्यांच्या समोर बसली आणि मठ्ठा प्यायली. एक पेला, मग दुसरा. वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली, ती तिने पुसली नाही.

वर्षभर त्या घरात तेच चाललं. पन्हं झालं, ताक झालं, मेंढेभाऊंच्या पेल्यात पाणी. मी एकदा सिंधुताईला म्हटलं, आता पुरे कर वो, म्हातारा वाळून चालला. ती म्हणाली, "मी वाळली तवा तू काही बोलली होती का?"

यंदाच्या पाडव्याला सोबती पुन्हा आले. मटणासाठी आले, की गंमत पाहायला, देव जाणे. झाकलेला गंज आला आणि सवयीने मेंढेभाऊंनी डोळे मिटले.

"डोये उघडे ठेवा," सिंधुताई म्हणाली. "तुमाले पाहूनच समजते."

त्यांनी डोळे उघडले. झाकण तिनेच काढलं, निकाल तिनेच दिला, मठ्ठा सगळ्यांना वाढला गेला आणि त्यांच्या पेल्यात तिने पाणी ओतलं. पंगत त्यांच्याकडे पाहत होती. मेंढेभाऊंनी पेला उचलला, घोट घेतला, तो तोंडात घोळवला, पूर्वी मठ्ठा घोळवायचे तसा. मग मान हलवली.

"पाणी चांगलं आहे," ते म्हणाले.