फोटोपुरत्या काढलेल्या चपला

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर मी शिक्षिका होते. शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर तासभर डोंगर उतरायचा. चौथीनंतर बहुतेक मुली घरीच बसत. मुलांसाठी जीप लावावी म्हणून मी अर्ज करत राहिले, पण सरकारकडे त्यासाठी पैसे नव्हते. शेवटी मुंबईच्या एका संस्थेने होकाराची आशा दाखवली. त्यांची माणसं येणार, फोटो काढणार, मग ठरवणार.

गणपती नुकतेच झाले होते. संस्थेची माणसं आली त्या दिवशी चौथीतली एक मुलगी नव्या लाल चपला घालून आली. मुंबईत हॉटेलात काम करणाऱ्या बापाने सणाला आणलेल्या. मी तिला बाजूला घेऊन त्या दप्तरात ठेवायला सांगितलं. तिने का म्हणून विचारलं. फोटो चांगला येतो, असं मी म्हणाले.

पैसे मंजूर झाले. जूनपासून जीप सुरू झाली. पाठोपाठ संस्थेचं छापील पुस्तक आलं. पहिल्याच पानावर ती, चिखलात अनवाणी. खाली लिहिलं होतं, हिच्या घरी चपलेलाही पैसे नाहीत.

तिची आई ते पुस्तक घेऊन शाळेत आली. आवाज चढवला नाही.

"बाई, हिचा बाप लोकांची भांडी घासतो, पन पोरीला अनवाणी नाय ठेवली कदी. त्याला काय सांगू मी?"

ती ओळ माझी नव्हे, असं मी म्हणाले. फोटोमुळेच जीप आली, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"जीप आली ता बरा झाला. बाकीची पोरा जातील."

तिची मुलगी जीपमध्ये बसली नाही. पाचवीपासून ती चालतच खाली जायची. पावसात आई ओढ्यापर्यंत सोबत यायची. एकदा मी जीप थांबवून तिला हाक मारली. "नको बाई," एवढंच म्हणाली आणि कडेला सरकून वाट दिली.

फोटो काढून टाका, तो खोटा आहे, असं पत्र मी संस्थेला लिहिलं. पाठवलं नाही. जीप बंद पडली तर बाकीच्यांचं काय, अशी मनाची समजूत घातली. खरं तर माझं नाव खराब होईल याचीच भीती जास्त होती.

ती दहावी पास झाली तेव्हा पेढे घेऊन आली, पाया पडायला वाकली. मी तिला धरून उठवलं, शाबासकी दिली, पुढे काय शिकणार ते विचारलं. माफी मागायची मात्र तेव्हाही जीभ उचलली नाही.