‘ने’ कुठंय?

“सर, ‘ने’ कुठंय?”

आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई स्टाफरूममध्ये शिरायच्या त्या हा प्रश्न घेऊनच. हातात कुठलंतरी पुस्तक आणि तांबड्या पेनाचं टोक एखाद्या वाक्यावर टेकवलेलं. बसा, चहा घ्या, असलं काही चालायचं नाही. आधी ‘ने’ शोधा.

तुम्हीही लहानपणी घोकलं असेल, रामाने रावणाला मारले. त्यातला हा ‘ने’. ज्याने केलं त्याच्या नावाला चिकटणारा. हिंदीतही तोच, त्यामुळे कोलार रोडवरच्या आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत बाईंचं चांगलंच फावलं होतं. पोरं त्यांना ‘ने वाली मैडम’ म्हणायची. बाई ग्वाल्हेरच्या, मी उज्जैनचा, हिंदी शिकवणारा. शाळेत मराठी आम्ही दोघंच.

बाईंना एक खूळ होतं. जुना विद्यार्थी परदेशी निघाला की सांगायच्या, “चॉकलेटं नकोत हं. तिथल्या शाळेतला युद्धाचा धडा पाठव. भाषांतर कर, पण वाक्य वाकडं असेल तर वाकडंच ठेव.” असे धडे जपानहून आले, इंग्लंडहून आले, अमेरिका, जर्मनी, रशिया, सगळीकडून. बाई वर्गात देशाचं नाव झाकून वाक्य फळ्यावर लिहायच्या आणि विचारायच्या, हे कुणाचं? पोरांना शेवटपर्यंत ओळखता यायचं नाही.

“बघा ना सर,” त्या मला म्हणायच्या, “ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्याकडे ‘बॉम्ब पडला’. ज्यांच्यावर टाकला त्यांच्याकडेही ‘पडला’. बॉम्ब म्हणजे काय पिकलेला आंबा आहे? तिकडे दुष्काळ पडला, शहर पडलं. सगळं पडतंच मेलं, पाडत कुणीच नाही!”

“जर्मनीच्या धड्यात तर ‘ने’ आहे की,” मी एकदा म्हटलं.

“आहे. स्वतःच्या आजोबांच्या नावाला लावलाय, शाबास त्यांची. पण हरले म्हणून हो! जिंकलेल्याला कोण विचारतो?”

मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “आणि मराठीत ‘मी’ला ‘ने’ लागतच नाही. मी केलं, मी मारलं. सुटलो म्हणून खूश होऊ नका.”

मी हसलो. मला वाटलं, व्याकरणाचा विनोद आहे.

बाई ज्या भावाकडे राहायच्या त्याची ग्वाल्हेरला बदली झाली, तुलसी नगरातलं त्याचं सरकारी घर सुटलं. बाई गेल्या नाहीत. शहराच्या टोकाला मिसरोदला एक खोली घेऊन एकट्या राहिल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, तेवढी या पोरांबरोबर काढायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं.

त्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात बाईंनी तोच खेळ मांडला. सहा वाक्यं, सहा झाकलेल्या चिठ्ठ्या. आदल्या दिवशी चिठ्ठ्या मला दाखवून म्हणाल्या, “सर, एक वाक्य तुमच्या पुस्तिकेतलं घेतेय. चालेल ना?” आपल्या युद्धांवरची शाळेची पुस्तिका संचालकांनी माझ्याकडून लिहून घेतली होती. मी म्हटलं, “घ्या की!” वर हसलोही.

प्रमुख पाहुणे होते संचालकांचे व्याही. छातीवर फूल, पोटावर कोट. ते नेमके त्याच वाक्यापुढे थांबले: ‘लड़ाई के दिनों में गाँव खाली हो गए।’

“अरे, ये तो पड़ोसियों की किताब है!” व्याही गरजले. “गाँव अपने आप खाली होते हैं क्या? झूठ बोलना कोई इनसे सीखे!”

नववीतल्या मुलीने चिठ्ठी उघडली. खाली आमच्याच शाळेचं नाव. सगळा हॉल खो-खो हसला. व्याही सोडून.

संचालकांनी सोमवारी आम्हा दोघांना बोलावलं. देशाभिमान, शाळेची अब्रू, पाहुण्यांचा अपमान, सगळं झालं. देशाचं काय व्हायचं ते होवो, व्याह्यांचं नाक कापलं गेलं हे खरं दुखणं. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “पर्चियाँ आपने देखी थीं? आपने देखकर पास की हों तो बात अलग है। वरना मैडम को जाना होगा।”

एवढंच म्हणायचं होतं: हाँ सर, मैंने देखी थीं. पाच शब्द. घरी नळवाल्याशी मी वाघासारखा भांडतो. तिथे मात्र तोंडातून निघालं, “मुझे दिखाई नहीं गई थीं, सर।”

काय सुबक वाक्य! व्याकरणात एक चूक नाही. हिंदीचा मास्तर ना मी!

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हेच वाईट. वही तपासताना हुशार मुलाची ढोबळ चूक सापडावी, तसं पाहिलं. मला त्यांनी खोटं पाडलं असतं तर मी आज सुखाने जेवलो असतो.

शाळेचं पत्रलेखन माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे नोटीसही मीच लिहिली: ‘इतिहास की शिक्षिका को सेवामुक्त किया गया है।’ ती स्टाफरूमच्या फळ्यावर लागली. बाईंनी चष्मा लावून सावकाश वाचली. पर्समधून तांबडं पेन काढलं, ‘इतिहास’च्या आधी राहिलेल्या शब्दाची काकपदाची खूण केली आणि वर लिहिलं, ‘ने?’

“येते, सर,” रोजच्यासारखं म्हणाल्या आणि गेल्या. त्याच आठवड्यात मिसरोदची खोली सोडून ग्वाल्हेरला गेल्याचं कळलं. फोन करायचं माझं धाडस झालं नाही.

आता नव्या मॅडम आहेत. धडा पुस्तकातला, उत्तरं गाइडातली. गावं आपली आपण रिकामी होतात, वर्गात कुणी हात वर करत नाही, आणि संचालक खूश आहेत.

ती नोटीस मी काढून घरी आणली. पुष्कळ दिवस कपाटात होती. परवा काढली. मराठीत उत्तर लिहिलं असतं तर पुन्हा सुटलो असतो, ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. म्हणून त्यांच्या तांबड्या प्रश्नचिन्हाखाली हिंदीत लिहिलं, ‘मैंने’.

लिहिलं तेही पेन्सिलीने.