भोपळ्याचं खरं माप

“डॉक्टरांचा काटा म्हणतो वाढला, तुमची टेप म्हणते दोन बोटं उतरला. खोटं कोण बोलतंय?”

“काटा बिघडला असेल गं.”

“बोक्याच्या जिवावर बेतलंय, आणि म्हणे काटा बिघडला! त्याला कुणीतरी चोरून चारतंय. ती समोरची मासळीवालीच असणार.”

वहिनीच्या या बोलण्यावर शेजारचा शिंपीदादा काहीच बोलला नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही पातळ. तिकडे चमचा पडला तरी मला कळायचं. त्याचं ते गप्प बसणंसुद्धा मला ऐकू आलं.

त्यांचा बोका भोपळ्या. बसला की पाय दिसायचे नाहीत. दुकानात अर्ध्या टेबलावर तो पसरलेला, म्हणून शिंपीदादा कापड सरकवून बेतायचा, बोक्याला हलवायचा नाही. पुढे त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरलं नाही तर बोका हातचा जाईल. तेव्हापासून वहिनी वाटीनं मोजून घालायची. तो केविलवाणा ओरडत तिच्या पायांत घुटमळायचा, ती डोळे पुसत स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. आणि दर रविवारी शिंपीदादा त्याच्या पोटाला टेप लावायचा.

आता शिंपीदादाची एक खोड सांगते. गिऱ्हाइकाची कंबर मापताना तो टेप जरा आवळायचा, आकडा कमी सांगायचा आणि शिवताना गुपचूप सैल शिवायचा. बायका खूश. मलाही त्यानं कित्येक वर्षं सडपातळ ठेवलं होतं. तीच दया बोक्यावर. दुपारी डबा उघडला की भोपळ्या टक लावून बसायचा, मग याला घास गिळवेना. लोणी लावलेला अर्धा पाव बोक्याच्या पोटात, आणि रविवारी टेप आवळलेली.

भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी वहिनी भर रस्त्यात मासळीवालीच्या दुकानासमोर उभी राहिली.

“मावशी, मुक्या जिवाला मारायला निघालात?”

“अगं बाई, शेपटीचा तुकडासुद्धा नाही घातला मी त्याला!”

“चोर तर चोर, वर शिरजोर!”

माणसं जमली. दोन गिऱ्हाइकं निवडलेली मासळी तशीच ठेवून निघून गेली. शिंपीदादा तोंडात दोरा धरून दुकानाच्या दारात उभा होता. त्याच्या एका शब्दानं सगळं मिटलं असतं. दोरा तोंडातच राहिला.

जेवणाची वेळ झाली तसा भोपळ्या धापा टाकत जिना उतरला. मासळीच्या टोपल्यांकडे ढुंकूनही न बघता सरळ दुकानात शिरला, डब्याच्या कडीवर पंजा ठेवला आणि मालकाकडे बघत बसला.

मासळीवाली म्हणाली, “मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं मांजराचे उघडे आहेत हो, मालकाचेच मिटलेत!”

सगळे खो खो हसले. वहिनी हसली नाही. तिनं टेप उचलली, न आवळता बोक्याच्या पोटाला लावली, आकडा बघितला, ती टेप नवऱ्याच्या गळ्यात अडकवली आणि वर निघून गेली.

पुढे भोपळ्या उतरला, बरीच वर्षं जगलाही. पण त्या साखरेनं मागचे पाय अधू झाले ते झालेच. शिंपीदादा त्याला खांद्यावर घालून रोज जिना चढायचा-उतरायचा. कुणी “द्या इकडे” म्हटलं तरी द्यायचा नाही. मापं खरी सांगू लागला, तशा निम्म्या बायका दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या. मीही रुसले होते, पण परत आले.

मासळीवालीची त्यानं त्याच संध्याकाळी माफी मागितली. ती “जाऊ दे रे” म्हणून मोकळी झाली. त्याच्या मनातून मात्र गेलं नाही. तिचा मासळी कापताना बांधायचा एप्रन फाटला की मागून न्यायचा, शिवून आणून दाराबाहेरच्या खुंटीला लावायचा. तिच्या दुकानात पाऊल म्हणून टाकायचा नाही.

शिंपीदादा वारला त्याच्या आदल्या दिवशीही एप्रन घेऊन आला होता. तोवर खांदा रिकामा झाला होता, तरी चालताना एका अंगाला कलायचा.

“आत ये की रे! किती वर्षं दारातच उभा राहणार?”

“नको मावशी. कंबर वाढलीय तुमची. नाड्या दोन बोटं लांब केल्यात.”

“मेल्या, एकदा तरी खोटं बोल!”

त्यानं एप्रन खुंटीला लावला, सुरकुती हातानं सारखी केली आणि खाली मान घालून रस्ता ओलांडला.